गोटा, चुनी आणि सामंजस्य करार

दर्यापूर–मूर्तिजापूर रस्त्याला लागून असलेल्या एका गावात टिनाच्या शेडखाली मिनी डाळ मिल चालते. फेब्रुवारी ते मे हा तिचा मुख्य हंगाम. मी गेलो तेव्हा मार्च संपत आला होता. दुपारचे दोन वाजले होते आणि बाहेर ताडपत्रीवर तेल चोळलेली तूर पसरून ठेवली होती. एक बाई अनवाणी पायांनी तिच्यात सऱ्या पाडत फिरत होती, खालची तूर वर यावी म्हणून. आत मशीन बंद होतं. मिल चालवणारा भाऊ झाकण काढून रोलरवर बॅटरीचा झोत टाकून बघत होता.

माझी नजर मात्र भिंतीवर गेली. भिंतभर खडूनं रकाने पाडलेले. तारीख, गिऱ्हाइकाच्या गावाचं पहिलं अक्षर, तूर किती आली, डाळ किती निघाली, चुनी किती. प्रत्येक ओळीच्या शेवटी 'खा' किंवा 'गो'. मी मनाशी अर्थ लावला, 'खा' म्हणजे खात्यावर, उधारी. 'गो' म्हणजे पैसे गोळा झालेले. विचारलं नाही. विचारायला हवं होतं, हे तासाभरानं कळलं.

या भागात या यंत्राला 'पीकेव्ही' म्हणतात. पीकेव्ही म्हणजे पंजाबराव कृषी विद्यापीठ, अकोला. विद्यापीठाचं नाव पुढे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ झालं, लघुरूप पीडीकेव्ही झालं, पण मशीन पीकेव्हीच राहिलं. दुकानदाराकडे 'पीकेव्ही मिनी डाळ मिल' मागितली तर तो कोणत्या वर्कशॉपची हवी एवढंच विचारतो. लहान धंदा आणि विद्यापीठ यांचं जुळतं कसं, हे शोधायला मी या मशीनमागे लागलो, कारण सामंजस्य करारांच्या फायली चाळून काही हाती लागेना. फायलीत फोटो असतात. फोटोत कुलगुरू, उद्योजक, मध्ये निळं फोल्डर. पुढं काय झालं ते फोल्डर सांगत नाही.

आधी तुरीची साल समजून घ्यावी लागते, म्हणजे बाकीचं समजेल.

हरभरा बिचारा सरळ. तूर हट्टी. तुरीची साल आणि आतली डाळ यांच्यामध्ये डिंकासारखा एक पातळ थर असतो, आणि तो दोघांनाही धरून ठेवतो. नुसती भरडली तर साल निघण्याआधी डाळ फुटते आणि तिचं पीठ होतं. म्हणून जुन्या बायका तूर भिजवायच्या, तिला लाल मातीची काव चोळायच्या, रात्रभर झाकून ठेवायच्या, मग उन्हात कडकडीत वाळवायच्या आणि जात्यावर भरडायच्या. भिजलं की फुगतं, वाळलं की आक्रसतं. साल आणि डाळ सारख्या प्रमाणात आक्रसत नाहीत, म्हणून त्यांची सोडचिठ्ठी होते. गिरणीतही तत्त्व तेच, फक्त मातीऐवजी तेल. आधी रोलरवर सालीला ओरखडे पाडायचे, म्हणजे तेलाला आत शिरायला वाट मिळते. मग तेल, ऊन, पाण्याचा हबका, पुन्हा ऊन, पुन्हा रोलर. साल गेलेला पण अजून न फुटलेला अख्खा दाणा निघतो, त्याला 'गोटा' म्हणतात. गोट्याची मग डाळ. स्वच्छ, कडा शाबूत असलेली डाळ 'फटका' म्हणून विकली जाते आणि अकोल्याच्या फटक्याला दूरदूरच्या बाजारात नाव आहे. जे तुटलं, पीठ झालं, सालीबरोबर गेलं, ती चुनी. ती जनावरांना.

सगळा धंदा या चुनीत अडकलेला आहे. तुरीच्या दाण्यात साल सुमारे १२ ते १५ टक्के, म्हणजे हिशेबानं क्विंटलमागं ८५ किलो डाळ निघायला हवी. प्रत्यक्षात चांगल्या मोठ्या मिलमध्येही ती साधारण ७० ते ७५ किलो निघते. मधले दहा ते पंधरा किलो म्हशीच्या टोपल्यात. दिवसाला दहा क्विंटल तूर भरडणाऱ्याला दोनच टक्के जास्त डाळ काढून दिली, तर वीस किलो वाचले. डाळ शंभर रुपयांनी धरा, दिवसाचे दोन हजार. छोट्या मिलवाल्याच्या घरात हा पैसा दिसून येतो. विद्यापीठाच्या अहवालात तो 'उतारा २ टक्क्यांनी वाढला' अशा एका ओळीत मावतो आणि वाचणारा पान उलटतो.

अकोल्याचं विद्यापीठ २० ऑक्टोबर १९६९ रोजी स्थापन झालं. राहुरीचं वर्षभर आधीचं. अकोल्याला विद्यापीठ हवं म्हणून वऱ्हाडात मोठं आंदोलन झालं होतं, त्यामुळे इथल्या जुन्या लोकांच्या बोलण्यात विद्यापीठ सरकारनं दिलेलं नसतं, 'आपण आणलेलं' असतं. ज्यांच्या नावानं ते आहे ते पंजाबराव अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे. ऑक्सफर्डला त्यांनी वेदवाङ्मयातल्या धर्मकल्पनेवर प्रबंध लिहिला आणि पुढे १९५२ ते १९६२ देशाचे कृषिमंत्री राहिले. (वेदांवर डॉक्टरेट घेऊन खतांच्या बैठका घेणारा माणूस आज मुलाखतीच्या पहिल्या फेरीतच गळेल.)

कृषी विद्यापीठ ही कल्पना अमेरिकेतून आली. तिथं १८६२च्या कायद्यानं राज्यांना जमिनी मिळाल्या आणि त्या विकून शेती-यंत्रविद्येची कॉलेजं उभी राहिली. १८८७च्या कायद्यानं प्रयोगकेंद्रं जोडली, १९१४च्या कायद्यानं विस्तारकार्य. शिकवणं, संशोधन आणि विस्तार अशी तीन कामं एका छपराखाली आली. आपल्याकडे १९६०मध्ये पंतनगरला पहिलं असं विद्यापीठ झालं, इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीनं. अमेरिकेत असो की पंतनगरात, मनात धरलेला गिऱ्हाईक शेतकरी होता. वर्कशॉपवाला, डाळ मिलवाला, बी-बियाण्याचा छोटा व्यापारी या आराखड्यात कुठंच नव्हता. त्याला विद्यापीठाच्या दारात उभं राहायला अजूनही नीट पायरी नाही. तो 'विस्तार'मध्ये बसत नाही, कारण तो शेतकरी नाही. 'उद्योग'मध्येही बसत नाही, कारण तो फार लहान आहे.

तरी पीकेव्ही मिल झाली. अकोल्यात काढणीपश्चात तंत्रज्ञानाचं अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाचं केंद्र आहे. कृषी प्रक्रिया अभियांत्रिकीवाल्यांनी तिथं छोट्या गावाला परवडेल, छोट्या मोटरवर चालेल आणि बचत गटातल्या बायकांनाही हाताळता येईल असं यंत्र बसवलं. मोठ्या मिलचे तीन-चार वेगवेगळे टप्पे एका सांगाड्यात आणले : एमरीचा रोलर, खाली चाळण्या, फोलपट ओढून नेणारा पंखा. मग विद्यापीठानं एक शहाणपण केलं, आणि ते मला साऱ्या कहाणीत सर्वांत महत्त्वाचं वाटतं. यंत्र एकाच मोठ्या कंपनीला देऊन टाकलं नाही. अकोला-अमरावतीकडच्या अनेक छोट्या उत्पादकांनी ते बनवलं. शेतीची अवजारं, ग्रीलचे दरवाजे, ट्रॉल्या बनवणारी वर्कशॉपं होती ही. वेल्डिंग मशीन, लेथ, बाहेर चहाची टपरी.

आता नकाशा वर्कशॉपमध्ये गेला की त्याचं काय होतं ते बघा. कागदावर लोखंडी पत्र्याची एक जाडी असते, बाजारात त्या आठवड्यात दुसरी असते. कागदावर जे बेअरिंग आहे ते मिळत नाही, किंवा मिळतं पण खेड्यात तुटलं तर मिळणार नाही. म्हणून कारागीर ट्रॅक्टरच्या दुकानात सहज मिळेल असं बेअरिंग घालतो आणि त्यासाठी शाफ्ट बदलतो. शाफ्ट बदलला की पुली बदलते, पुली बदलली की रोलरचे फेरे बदलतात, आणि फेरे बदलले की डाळ आणि चुनीचं गणित बदलतं. हे कुणी विद्यापीठाला कळवत नाही. गिऱ्हाईक मात्र लगेच कळवतं, तेही शिव्यांसकट. मग कारागीर पुन्हा पुली बदलतो. अशा चार-सहा हंगामांनी दोन वर्कशॉपांच्या दोन 'पीकेव्ही' सख्ख्या बहिणींसारख्या होतात, चेहरा एक आणि स्वभाव वेगळा.

माझ्या मते हेच संशोधन आहे. फक्त त्याला कुणी संशोधन म्हणत नाही, आणि ते लिहून ठेवण्याची जबाबदारी कुणावरच नाही. कारागिराला लिहायची सवय नाही. प्राध्यापकाला लिहायचं असतं, पण बदललेली पुली हा शोधनिबंधाचा विषय होत नाही.

रोलरचंच घ्या. वरचा एमरीचा थर हे या यंत्राचं काळीज. काळपट धारदार कणी असते, ती मॅग्नेसाइटच्या पुडीत कालवायची, मॅग्नेशियम क्लोराईडच्या पाण्यात भिजवायची, रोलरवर थापायची आणि पूर्ण सुकू द्यायची. हंगाम संपता संपता हा थर गुळगुळीत होतो आणि साल निघेनाशी होते. मग रोलरला पुन्हा एमरी 'भरायची'. पण हे मिश्रण हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात भरलेला रोलर वरून टणक वाटतो आणि जानेवारीत तुरीची पहिली गाडी आली की खपलीसारखा सुटतो. म्हणून जाणते कारागीर उन्हाळा संपायच्या आत रोलर भरून घ्यायला सांगतात. रसायनशास्त्राच्या पुस्तकात या सिमेंटचं हे लक्षण दिलेलं आहे. कारागिरानं ते पुस्तक वाचलेलं नाही आणि पुस्तक वाचलेल्यानं रोलर भरलेला नाही. दोघांमधलं अंतर स्कूटरनं वीस मिनिटांचं.

ही वीस मिनिटं कोण पार करतं, याचा शोध घेतल्यावर मला तीनच वाटा दिसल्या.

पहिली जुन्या विद्यार्थ्याची. कॉलेजात शिकलेला मुलगा बापाचा धंदा सांभाळायला परत येतो, काही अडलं की 'सरांना' फोन करतो. करार नंतर होतो, झाला तर. दुसरी वाट प्रदर्शनाची. २७ डिसेंबर ही पंजाबरावांची जयंती, त्या सुमारास अकोल्यात कृषी प्रदर्शन भरतं, आणि पावसाळ्यानंतर विद्यापीठाच्या शेतांवर शिवारफेरी असते. ट्रॅक्टर-ट्रॉलीनं आलेली गर्दी ज्वारी-कपाशीचे प्लॉट बघत हिंडते. त्या गर्दीत शेतकऱ्यांच्या टोप्यांमध्ये खिशात टेप ठेवून आलेले काही वर्कशॉपवालेही असतात. ते यंत्राजवळ रेंगाळतात आणि कुणी बघत नसताना माप घेतात. याला चोरी म्हणावं की तंत्रज्ञान हस्तांतरण, माझं अजून ठरलेलं नाही. तिसरी वाट तक्रारीची. यंत्र बिघडलं, गिऱ्हाईक भडकलं, विद्यापीठात आलं, आणि त्या भांडणातून एखादा तरुण प्राध्यापक गावात जाऊन बसला. या वाटेनं सर्वांत चांगली कामं झालेली असतात, पण ती छापील अहवालात येत नाहीत. तक्रार होती असं कोण लिहील?

अडथळे बरेच आहेत. एकच विस्तारानं सांगतो, तो पंचांगाचा. तूर डिसेंबर-जानेवारीत निघते. मिलवाल्याला प्रश्न पडतो फेब्रुवारीत, उत्तर हवं असतं त्याच आठवड्यात, कारण मेनंतर ऊन संपतं आणि ऊन संपलं की धंदा संपतो. विद्यापीठात मात्र प्रयोगाचा आराखडा आधी मंजूर व्हावा लागतो. निष्कर्ष राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत मांडावे लागतात. लोक तिला नुसतं 'ॲग्रेस्को' म्हणतात. तिथं मान्यता मिळाली की शिफारस प्रसारित होते. एक शिफारस चुकली तर हजारो शेतकरी बुडतील, म्हणून ही सावधगिरी, आणि बियाण्याच्या बाबतीत ती योग्यच आहे. पुलीसाठी नाही. मिलवाल्याच्या फेब्रुवारीच्या प्रश्नाचं उत्तर त्याला दोन-तीन तुरींनंतर मिळतं, तोवर त्यानं स्वतःच काहीतरी जुगाड केलेलं असतं.

गुपिताचा अडथळाही आहे, थोडक्यात सांगतो. प्राध्यापकाची बढती छापण्यावर, धंदेवाल्याचं पोट लपवण्यावर. त्यात आपल्या पेटंट कायद्यानुसार आधी छापलं की मग सहसा पेटंट मिळत नाही, आणि हे दोघांनाही उशिरा कळतं.

याच्या उलट विदर्भातच एक जुनं उदाहरण आहे. कामठीचे खाणमालक डी. लक्ष्मीनारायण १९३० साली वारले आणि आपली संपत्ती नागपूर विद्यापीठाला तंत्रशिक्षणासाठी ठेवून गेले. त्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. २०२३मध्ये तिचं स्वतंत्र विद्यापीठ झालं. संस्था उभी राहिली तेव्हा वऱ्हाडही नागपूर विद्यापीठाच्याच कक्षेत होता, आणि संस्थेत तेलतंत्राचा विभाग होता, हे सरकीच्या मुलखाला मोठंच देणं. म्हणजे उद्योजक आणि विद्यापीठ यांची गाठ पडायला आपल्याकडे नवीन शब्दाची गरज नव्हती. मृत्युपत्र पुरलं.

बाहेर काय करतात? ब्रिटननं १९७५ पासून एक योजना चालवली. आज तिचं नाव निराळं आहे, पण गाभा तोच : ताजा पदवीधर विद्यापीठाचा माणूस म्हणून कंपनीत जाऊन काम करतो, आणि प्राध्यापक त्याच्यावर लक्ष ठेवतो. नेदरलँड्सनं २००४ मध्ये याहून मजेशीर गोष्ट केली. छोट्या कंपन्यांना साडेसात हजार युरोची शंभर व्हाउचरं वाटायची ठरवली. ते घेऊन कोणत्याही संशोधन संस्थेत जा, तुमचा प्रश्न विचारा. अर्ज खूप आले, म्हणून चक्क सोडत काढली. सोडत असल्यामुळे नंतर ज्यांना लागली आणि ज्यांना नाही त्यांची तुलना करता आली. व्हाउचर मिळालेल्या दहांपैकी आठांनी असं काम करून घेतलं, जे त्यांनी एरवी करून घेतलंच नसतं. मला यात पैशापेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. प्रश्न धंदेवाल्याचा होता आणि दार कोणतं ठोठवायचं हेही त्यानं ठरवलं. आपल्या बहुतेक योजनांत प्रश्न दिल्ली-मुंबईत ठरतो आणि धंदेवाल्यानं फक्त कोटेशन जोडायचं असतं.

अमरावतीकडे चित्र जरा वेगळं. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ रोजी सुरू झालं, पाच जिल्हे त्याच्या कक्षेत. अमरावतीत १९६४चं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, बडनेऱ्याला, शेगावला खाजगी महाविद्यालयं. म्हणजे अंतिम वर्षाचे शेकडो प्रकल्प दरवर्षी होतात. सातुर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या प्रत्येक शेडच्या वाट्याला एकेक प्रकल्प यावा, एवढे. प्रत्यक्षात होतं काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी स्वतः एका महाविद्यालयात (नाव घेत नाही) परीक्षक म्हणून बसलो होतो. सौरऊर्जेवरच्या फवारणी पंपाची तीन मॉडेलं आली, तिन्हींचा रंग एकच आणि तिन्हींना एकाच दुकानाचा वास. पोरांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना कुणी खरा प्रश्न दिलाच नव्हता.

नव्या शैक्षणिक धोरणात प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण घेण्याला श्रेयांक आहेत. ही फट मोठी आहे, आणि तिच्यातून काही आत येऊ शकतं. पण पोराला पाठवायचं कुठं? बँकेत, झेरॉक्सच्या दुकानात, ओळखीच्या सीएकडे पाठवणं सोपं पडतं, शिक्का लवकर मिळतो. डाळ मिलमध्ये पाठवलं तर त्याला तूर उलथायला लावतील, ही आईबापांची भीती. खरी आहे. लावतीलच. उन्हात तूर उलथल्याशिवाय ओलावा म्हणजे काय ते त्याला कळणार नाही, हेही तितकंच खरं.

तर, भिंतीवरचं 'खा' आणि 'गो'.

चहा आला. मी उधारीचा विषय काढला तेव्हा भाऊ हसला. 'खा' म्हणजे खारं, 'गो' म्हणजे गोडं. पाणी. हा सगळा पूर्णेचा खारपाणपट्टा, विहिरीला खारं पाणी. प्यायला नळाचं गोडं येतं, तेही रोज नाही. तेल लावल्यावर तुरीवर जो पाण्याचा हबका मारायचा, तो कधी विहिरीच्या पाण्याचा मारावा लागतो, कधी नळाच्या. त्याला शंका होती की खाऱ्या पाण्यानं साल लवकर सुटते, पण डाळीचा रंग उतरतो. शंका म्हणून तो लिहीत होता. किती वर्षांपासून, तर मिल घेतली तेव्हापासून.

मी गप्प झालो. तुरीला सोडियम बायकार्बोनेटच्या, म्हणजे खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाची प्रक्रिया दिली की साल सैल होते, यावर देशातल्या संशोधन संस्थांत काम झालेलं आहे. पूर्णेच्या खोऱ्यातल्या भूजलात सोडियमचं प्रमाण जास्त असतं, हेही या भागातल्या जमिनींवर काम करणाऱ्यांना चांगलं माहीत आहे. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या विभागांच्या वेगवेगळ्या कपाटांत. ती एकत्र आणणारा प्रश्न या शेडच्या भिंतीवर खडूनं लिहिलेला होता, आणि त्याच्यासोबत आकडेही. ते आकडे बरोबर असतील असं मी म्हणत नाही. वजनकाटा साधा, तूर दर खेपेला वेगळ्या जातीची, कुणाची मारुती, कुणाची आशा, कुणाची दोन्ही मिसळलेली. प्रयोगशाळेत हे चालणार नाही. पण प्रयोगशाळेनं तरी अजून हा प्रश्न विचारलाय कुठे?

विद्यापीठातलं कुणी आलं होतं का, मी विचारलं. एकदा आले होते म्हणाला. मशिनीचा फोटो घेतला, लाभार्थी म्हणून त्याचाही घेतला. फोटोत मागे भिंत होती का? त्याला आठवेना.

मी मोबाईल काढून भिंतीचे फोटो घ्यायला लागलो. डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली आणि लक्षात आलं, सर्वांत जुनी तारीख गेल्या नोव्हेंबरातली, हरभऱ्याच्या एका छोट्या लॉटची. त्याच्या आधीचं काहीच नाही. बाकीची वर्षं कुठं आहेत, विचारलं.

दिवाळीला चुना मारतो ना भाऊ, तो म्हणाला, आणि मोटरचं बटण दाबलं.